आठ पेले आणि चार खांब

माझी बायको मला सोडून चालली आहे हे मला कळलं तेव्हा मी ओटा पुसत होतो. एरवी आमच्या घरात ओटा आर्डिसच पुसते, पण त्या संध्याकाळी ती चर्चच्या स्वयंपाकघर समितीच्या बैठकीला गेली होती, आणि जाता जाता "ओटा तेवढा पुसून घे" असं बजावून गेली होती. नवऱ्याला टाकून जाणारी बाई ओटा पुसायला कशाला सांगेल, असा प्रश्न एखाद्या हुशार माणसाला पडला असता. मला पडला नाही.

झालं असं, की खिडकीच्या कट्ट्यावर, भांड्यांच्या साबणाच्या बाटलीला टेकवून, एक पत्ता उभा केलेला दिसला. बदाम नाही, इस्पिक नाही. चित्र होतं. वर चंद्र, खाली पाणी, पलीकडे डोंगर. लाल झगा घातलेलं कोणीतरी हातात काठी घेऊन, आपल्याकडे पाठ करून, डोंगराच्या दिशेने निघालेलं. आणि मागे आठ पेले, एकावर एक नीट रचून ठेवलेले.

आता, माझी सगळी नोकरी विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करण्यात गेली. जळलेली भिंत बघून ती जळली की जाळली हे मी गाडीतून न उतरता सांगायचो. तेव्हा हे चित्र म्हणजे माझ्या हातचा मळ. पेले एकही फुटलेला नाही, म्हणजे भांडण नाही. नीट रचलेत, म्हणजे घाई नाही. मागे वळून बघणं नाही, म्हणजे विचार पक्का. सामान नाही, म्हणजे पुढे कुठेतरी सोय झालेली आहे. मी फडकं खाली ठेवलं.

आर्डिस आल्या आल्या मी विचारलं, "हे काय आहे?"

"माझा गृहपाठ." वाचनालयाच्या तळघरात टॅरोचा, म्हणजे चित्रांच्या पत्त्यांचा, वर्ग भरतो, तिथे ती दर मंगळवारी जात होती, हे मला तेव्हा कळलं.

"म्हणजे भविष्य सांगतात?"

"भविष्य नाही रे. आपल्याला काय हवंय ते बघायला शिकवतात. हवं ते आधी चित्रात दिसावं लागतं, मग ते घडवता येतं."

"मग तुला काय हवंय?"

"ते सांगायचं नसतं. जेली धरायच्या आधी ढवळली की बिघडते, तसं." एवढं बोलून तिने लिंबाच्या वड्यांचा ट्रे उचलला आणि ती गाण्याच्या सरावाला निघूनही गेली.

आमच्या गावात गुपित ठेवायचं असेल तर ते लायल हॅलवर्सनला सांगायचं नसतं. पण तो शेजारी आहे, आणि आमच्या दोन अंगणांच्या मधोमध उभं राहून सल्ले देणं हा त्याचा निवृत्तीनंतरचा पूर्णवेळ धंदा आहे. त्याने फोनवर बोट फिरवलं आणि वाचायला सुरुवात केली.

"आठ पेले. हं. 'भरलेलं मागे ठेवून निघून जाणं.' बापरे. 'जे आता पुरत नाही त्याकडे पाठ फिरवणं.' बापरे बापरे."

"दोनदा म्हणू नकोस."

"अरे, तू नशीबवान आहेस नॉर्बर्ट. माझी पहिली बायको गेली तेव्हा पत्ता नाही की बित्ता नाही. बोलिंग खेळून घरी आलो तर टोस्टरसुद्धा नव्हता. तुला निदान आगाऊ सूचना मिळतेय."

थोडक्यात, एका पत्त्याने माझा पत्ता कट केला होता.

त्यातून पोटमाळ्यावरची निळी बॅग खाली आलेली मी पाहिली. शिवणकामाच्या खोलीत, दाराआड. बंद.

मी त्याच वर्गात नाव घातलं. मंगळवारी आर्डिस असायची म्हणून गुरुवारच्या तुकडीत. कारण सोपं होतं. बायको जर इच्छेच्या जोरावर डोंगराकडे निघाली असेल, तर तिला थांबवायला माझ्याकडेही तेवढ्याच वजनाची इच्छा हवी.

शिकवणारी बाई, रोवेना पाइक, पूर्वी दातांच्या दवाखान्यात लोकांचे दात साफ करून द्यायची. त्यामुळे ती कुठलीही गोष्ट "जबडा सैल सोडा" इथून सुरू करते. आम्ही सात-आठ जणांनी जबडे सैल सोडले. मग तिने प्रत्येकाच्या पुढ्यात एकेक पत्ता ठेवला आणि काय दिसतं ते सांगा म्हणाली. माझ्या वाट्याला मनोरा आला. त्यावर वीज कोसळलीय, कळस उडालाय आणि दोन माणसं खाली डोकं वर पाय अशी कोसळतायत. शेजारची बाई हळूच म्हणाली, "अहंकाराचं पतन."

मी म्हटलं, "विजेचं नुकसान असेल तर भरपाई मिळते. पण नीट बघा, खिडक्यांतून ज्वाळा बाहेर येतायत. म्हणजे आग आतली आहे, विजेच्या आधीची. मी असतो तर पैसे दिले नसते."

रोवेनाने चष्मा काढला.

"मिस्टर क्लेम, लोक म्हणतात आपल्याला कल्पनाशक्ती नाही. तुमची तर दांडगी आहे. फक्त ती जन्मभर एकाच बाजूला धावलीय. काय बिघडेल, तेवढंच तुम्हाला दिसतं. तेच डोळे जरा दुसरीकडे वळवा की."

माझ्याबद्दल इतकं चांगलं कंपनीत कोणी बोललं नव्हतं. निरोपाच्या जेवणातसुद्धा नाही.

मग तिने सगळे पत्ते मांडले आणि ज्याला जे हवं ते निवडा म्हणाली. मी चार काठ्यांचा पत्ता उचलला. चार उंच खांब, त्यांवर फुलांची माळ, पलीकडे घर, आणि दोन माणसं गुच्छ उंचावून कोणाचं तरी स्वागत करतायत. एक तर त्या सगळ्या पत्त्यांत घरी बनवता येण्यासारखी वस्तू तेवढीच होती. दुसरं म्हणजे रोवेना म्हणाली, "हा घराचा पत्ता. इथे माणसं येतात आणि थांबतात." मी 'थांबतात' तेवढंच ऐकलं.

"पत्ता स्वतः काहीच करत नाही," तिने सांगितलं. "पत्ता म्हणजे दार. आत तुम्ही शिरायचं. रोज सकाळी डोळे मिटून त्या चित्रात जाऊन उभे राहा. वास काय येतोय, आवाज कसला, पायाखाली काय आहे, कोण आलंय. आणि मग डोळे उघडून हातांनी एक छोटं काम करा. नुसती कल्पना करत बसाल तर इच्छा खुर्चीतच बसून राहते."

मी सकाळी गॅरेजमध्ये, बंद गाडीत बसून डोळे मिटू लागलो. पहिल्या दिवशी मला खांब कुजलेला दिसला. दुसऱ्या दिवशी माळेत मधमाश्या शिरल्या आणि समोरच्या बर्निस टोलेफसनला डसल्या. तिसऱ्या दिवशी पाहुणा ठेचकाळून पडला आणि त्याने वकील केला. पण मी चिकाटी सोडली नाही, आणि एका सकाळी अचानक चित्रात ऊन पडलं. खांबांच्या मध्ये खुर्ची होती. आर्डिस आली, खुर्चीत बसली आणि तिने बूट काढून पाय गवतावर ठेवले. बस्स, एवढंच.

मी दचकून डोळे उघडले. कारण आर्डिसला असं बसलेली मी शेवटची कधी पाहिली होती, ते मला काही केल्या आठवेना. जेवताना ती तारेवरच्या चिमणीसारखी खुर्चीच्या कडेवर टेकते. टीव्हीसमोर उभी राहून घड्या घालते. गाडीत तेवढी बसते, पण तेव्हा ती कोणासाठी तरी भाजी-चिकनचं भांडं मांडीवर धरून असते. मी गाडीतून उतरलो आणि देवदाराचे चार खांब आणायला गेलो.

खांब म्हटलं की खड्डा आला, आणि खड्डा म्हटला की लायल आला.

"किती खोल खणतोयस? आमच्याकडची थंडी विसरलास काय? जमीन गोठली की तुझे खांब पडायला आलेल्या दातांसारखे वर येतील."

बर्निस रस्ता ओलांडून आली. तिचं म्हणणं, खांब अंगणात पुढे लावूच नयेत, लोक काय म्हणतील. आणि लावायचेच तर तिच्या खिडकीतून नीट दिसतील असे लावावेत.

खणण्याआधी जमिनीखालच्या तारा-नळ्या कुठे आहेत ते विचारायचं असतं. मी, अर्थातच, विचारलं. माणसं येऊन रंगीत झेंडे रोवून गेली. विम्यातला माणूस झेंड्यांच्या बाहेर जात नाही. पहिले तीन खड्डे निर्विघ्न झाले. चौथ्यात कुदळीखाली कट्‌ असा आवाज झाला.

ती तार कुठल्याच नकाशावर नव्हती. लायलने आपला कुत्रा अंगणाबाहेर जाऊ नये म्हणून जमिनीत पुरलेली ती विजेची तार होती, तिच्याजवळ गेलं की कुत्र्याला गळ्यातल्या पट्ट्यातून झटका बसतो, आणि त्याने ती चांगली हातभर माझ्या हद्दीत पुरली होती. कुत्र्याचं नाव बिशप. वासराएवढा आहे. तार तुटल्याचं लायलच्या आधी त्याला कळलं. तो हद्दीपाशी आला, एक पाय पुढे टाकला, थांबला, दुसरा टाकला, आणि मग आपल्याला एवढी वर्षं कशाने अडवलं होतं याचा विचारही न करता थेट बर्निसच्या मागल्या दाराने आत गेला. तिथे चर्चच्या जेवणासाठी हॅमचा भला मोठा तुकडा थंड होत ठेवलेला होता.

"तू माझी तार तोडलीस!" लायल ओरडला.

"तू माझ्या जमिनीत पुरलीस!"

"माझं हॅम!" बर्निस खिडकीतून ओरडली. तिचं म्हणणं सगळ्यांत वजनदार होतं.

तिने त्या रागात नगरपालिकेला फोन केला. दुसऱ्या दिवशी डेल क्रुगर हजर. बांधकामाचे नियम बघणारा हा शांत, दुःखी माणूस. तो चारही खांबांभोवती हळूहळू फिरला.

"हे काय आहे, मिस्टर क्लेम?"

"चार खांब."

"ते दिसतंय. पण यांचं काय होणार आहे? वर छप्पर घातलंत तर ती शेड. मध्ये जाळी लावली तर कुंपण. झेंडे लावले तर चार ध्वजस्तंभ, आणि घरगुती जागेत एकच चालतो."

"फक्त माळ घालायची आहे."

"कशासाठी?"

खोटं बोलायची मला सवय नाही. धंद्यात दुसऱ्यांची ऐकायची सवय आहे. मी म्हटलं, "बायको जाऊ नये म्हणून."

क्रुगरने टोपी काढून डोकं खाजवलं. "यासाठी आमच्याकडे रकाना नाही," तो म्हणाला. "असता तर मीच आधी अर्ज केला असता." मग त्यानेच वाट काढली. समारंभासाठी तात्पुरता मांडव म्हणून परवानगी मिळेल. मात्र समारंभ खरोखर व्हायला हवा, येत्या शनिवारी व्हायला हवा, आणि नियमाप्रमाणे त्याची सूचना रस्त्यावर लावावी लागेल.

सूचना लागली: 'क्लेम यांच्या घरी समारंभ.' कसला ते लिहायला जागा नव्हती. ते काम गावाने केलं. बुधवारी माझी मुलगी ट्रिना हिचा मिलवॉकीहून फोन आला.

"बाबा, माझं लग्न कोणाशी ठरलंय?"

"काय?"

"मला तिघांनी अभिनंदनाचे फोन केलेत. एकीने तर विचारलं, त्याचे पहिल्या लग्नाचे मुलगे तुला चालतायत ना. मी म्हटलं, आधी बाबांना विचारते."

संध्याकाळी पास्टर नूड्सन दारात. त्यांच्या कानावर आलं होतं, की मी आणि आर्डिस लग्नाच्या शपथा नव्याने घेणार आहोत. त्यांना अतिशय आनंद झाला होता, फक्त त्यांना सगळ्यांच्या शेवटी कळावं याचं वाईट वाटलं होतं. आर्डिस माझ्या मागेच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. विम्याचा दावा करणाऱ्यांची घरं मी ज्या नजरेने तपासायचो, अगदी तीच नजर.

"नॉर्बर्ट, शनिवारी काय आहे?"

"ते सांगायचं नसतं," मी म्हटलं. "जेली."

तिने आत जाऊन शिवणकामाच्या खोलीचं दार लावून घेतलं. त्या रात्री मला झोप आली नाही.

शनिवारी अर्धं गाव आलं. प्रत्येकाने झाकलेलं एकेक भांडं आणलेलं. लायल पट्ट्याने बांधलेल्या बिशपला घेऊन आला आणि बर्निसपासून सुरक्षित अंतरावर उभा राहिला. रोवेना आली, क्रुगर समारंभ खरंच होतो की नाही ते बघायला आला. खांबांवर मी दुकानातून आणलेल्या कापडी फुलांची माळ चढवली होती आणि मध्ये एक खुर्ची ठेवली होती. पास्टर पूर्ण पोशाखात खांबांच्या मध्ये जाऊन उभे राहिले, आणि सगळे माझ्याकडे बघू लागले.

तेवढ्यात घराचं दार उघडलं आणि आर्डिस बाहेर आली. हातात निळी बॅग.

मी बरंच काही ठरवून ठेवलं होतं. घराविषयी, सोबतीविषयी, चार खांबांच्या अर्थाविषयी. त्यातलं एक अक्षर आठवेना. माझ्या तोंडून एवढंच बाहेर पडलं, "जाऊ नकोस."

"कुठे?"

"त्या डोंगराकडे. पेले टाकून. मी तो पत्ता बघितलाय, आर्डिस. मला सगळं माहीत आहे."

अंगणात चमचा पडला असता तर ऐकू आला असता. एक खरंच पडला. रोवेनाने तोंडावर हात ठेवला.

"तुला वाटलं मी तुला सोडून चाललेय?" आर्डिस म्हणाली. "आणि ते मला न विचारता तू चार खड्डे खणलेस?"

"मी विचारलं होतं! तू जेली म्हणालीस!"

ती पायऱ्या उतरून आली, बॅग गवतावर ठेवली आणि उघडली. आत कपडे नव्हते. चर्चच्या स्वयंपाकघराचे एप्रन होते, धुऊन, इस्त्री करून. गायनमंडळाच्या वह्या, कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा, वेदीवरची चादर, वाचनालय मंडळाचा शिक्का.

"हे आठ पेले," ती म्हणाली. "मोजून आठ कामं. दर शुक्रवारी चर्चच्या जेवणाला मासे तळते, दर रविवारी गाते, कोणी मेलं की सँडविच, कोणी जन्मलं की केक. मला हे सोडायचंय. महिनाभर रोज सकाळी त्या चित्रात जाऊन चालून बघत होते, की सगळं खाली ठेवून निघालं तर कसं वाटेल. पास्टरना सांगायचं धैर्य होत नव्हतं." मग तिला पास्टर समोरच उभे असल्याचं दिसलं. "तर पास्टर, हे असं आहे."

पास्टरांचा चेहरा त्यांच्या गळ्यातल्या पांढऱ्या पट्टीच्या रंगाचा झाला. "पण आर्डिस, तुम्ही नसाल तर शुक्रवारी मासे..."

"माझंही नाव काढा," बर्निस म्हणाली. "मी तर भजनाला म्हणून आले होते. कोबी किसायला बसवलं, ती अजून उठले नाही."

पुढच्या काही क्षणांत त्या माळेखाली आमच्या चर्चची अख्खी स्वयंपाकघर समिती विसर्जित झाली. बायका एकेक करून पुढे येत आणि बॅगेत काहीतरी टाकत. कोणी किल्ली, कोणी फडकं. एकीने तर पर्समधून बटाटे सोलायचं सोलाणंच काढलं. रोवेना भारावून म्हणाली, "केवढी ही सामुदायिक इच्छाशक्ती!" क्रुगरने वहीत 'समारंभ झाला' अशी नोंद केली आणि पहिल्यांदाच हसला.

पास्टर हळूच माझ्यापाशी आले. "नॉर्बर्ट, तुम्ही शुक्रवारी काय करता हो?"

सगळे पांगल्यावर आम्ही दोघंच उरलो. आर्डिस खांबांमधल्या खुर्चीत बसली होती. अख्खी, पाठ टेकून.

"त्या चित्रात," मी विचारलं, "डोंगराच्या वाटेवर... मी कुठे होतो का?"

"बघितलं नाही. थांब." तिने डोळे मिटले. "आहेस. मागून येतोयस. आठही पेले कवटाळून. फुटतील म्हणून घाबरलायस."

"मग?"

"मग काय. मी वाट बघतेय तू ते खाली कधी ठेवतोस याची."

शुक्रवारी मी, लायल आणि पास्टर असे तिघे चर्चच्या स्वयंपाकघरात होतो. कॉड मासे किती तेलात, किती वेळ, हे तिघांनाही माहीत नव्हतं आणि तिघांचीही मतं ठाम होती. पहिला घाणा कोळसा झाला, दुसरा आतून थंड. बाहेर टेबलावर आर्डिस, बर्निस आणि सगळ्या माजी सदस्या पाय पसरून बसल्या होत्या. त्या वाढप्याला हाका मारत, मीठ कमी असल्याचं सांगत आणि खिदळत. एवढा आवाज त्या सभागृहात गाण्याच्या वेळीसुद्धा होत नसे.

मग आर्डिस उठली. ताट टेबलावर तसंच ठेवून ती खिडकीतून आत डोकावली. "नॉर्बर्ट, तळ्याकाठी जातेय मी. येतोस?"

माझे दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात होते. कढईत आठ-दहा तुकडे सोडलेले, बाहेर चाळीस माणसं उपाशी, आणि पास्टर मला विचारत होते की धूर निघणं चांगलं की वाईट. मी एप्रन सोडला, तो लायलच्या गळ्यात घातला आणि मागच्या दाराने बाहेर पडलो.

"अरे, नॉर्बर्ट!" मागून लायल ओरडला. "हे पेटलंय वाटतं!"

जळणाऱ्या गोष्टींकडे बघण्यात माझी उभी हयात गेली. मी मागे वळून पाहिलं नाही.